कप्तान बाईनं उत्तर द्यायला पायजे होतं

येडशीजवळच्या एका वस्तीवर आण्णासाहेबांची खव्याची भट्टी होती. उजाडायच्या आधी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं दूध यायचं, कढईत पडायचं, आणि आण्णासाहेब लांब दांड्याचं उलथनं घेऊन कढईपुढं उभे राहायचे. दूध आटेपर्यंत नजर हलवायची नाही आणि हात थांबवायचा नाही, एवढंच या धंद्याचं शास्त्र, असं ते सांगायचे. धाराशिवच्या पेढेवाल्यांत त्यांच्या खव्याला नाव होतं. माणूस बोलका. भट्टीवर दूध घालायला आलेला गडी त्यांच्याशी गप्पा मारल्याबिगर परत गेला असं व्हायचं नाही. आणि त्या धगीत उभं राहून पाणी प्यायचं ते तांब्यानं, गटागटा.

अशा माणसाला पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातनं गेल्या. पाणी जपून प्यायचं, दूध तर जवळजवळ बंदच. आठवड्यातनं तीनदा धाराशिवला येऊन डायलिसिस करून घ्यायचं. भट्टी पोरानं, बजरंगनं हातात घेतली. त्यानं उलथनं ठेवून दिलं आणि खव्याचं मशीन आणलं. आण्णासाहेबांनी बोलून उपयोग नव्हता, आणि मशीनवरच जगणाऱ्यानं मशीनला काय नावं ठेवायची!

दवाखान्यातल्या त्या लांबट हॉलमध्ये पलंगांची एक ओळ होती. प्रत्येक पलंगाशेजारी एक मशीन. हातात दोन जाड सुया टोचायच्या, एका नळीतनं रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून साफ करून दुसऱ्या नळीतनं आत सोडायचं. चार तास तो हात हलवायचा नाही. बायको कस्तुराबाई बाहेर बाकड्यावर बसून असायच्या. आत आण्णासाहेब छताकडं बघत पडून राहायचे. सुरुवातीला त्यांना वाटायचं, या सुयांनी आपण मरणार नाही, या न बोलण्यानं मरू.

मग उजवीकडच्या पलंगावर अर्पिता आली.

कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मुरुम गावची पोरगी. धाराशिवला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची आई शिवगंगा तिच्यासाठी इथंच खोली घेऊन राहिली होती, आणि वडील मुरुमला दुकान सांभाळत होते. मायलेकी एकमेकींशी कानडीत बोलायच्या. पोरगी काटकुळी, रंगानं फिकट पडलेली, पण डोळे चळवळे. मशीन सुरू झालं की ती मोकळ्या हातानं मोबाईल उशीला टेकवून उभा करायची आणि कानात बोंडं घालून काहीतरी बघत राहायची.

आण्णासाहेबांनी दोन-तीन खेपा दम धरला. मग विचारलंच.

"काय बघतीस गं एवढं?"

"'दूरयान' आहे, आण्णा. सिरियल. अवकाशातली."

"देवादिकाची हाय का?"

ती एवढी हसली की सिस्टरनं वळून बघितलं. मग तिनं बोंडं काढली, मोबाईल दोघांना दिसेल असा तिरका केला आणि आवाज वाढवला. दुसऱ्या देशात काढलेली, हिंदीत बोलायला लावलेली मालिका होती. पृथ्वीवर जगणं अवघड झालंय, म्हणून काही माणसं एका जहाजातनं लांबच्या हिरव्या ग्रहाकडं निघालीत. जहाजाची कप्तान एक बाई. वाटेत कधी हवा संपत आलेली, कधी जहाजाला भोक पडलेलं. आण्णासाहेबांना पहिल्या दिवशी निम्मं कळलं नाही. पण ती माणसंही नळ्या लावून पडून होती, खिडकीबाहेर बघत होती, आणि त्यांनाही कुठं जाता येत नव्हतं. हे मात्र बरोबर कळलं.

त्यानंतर दर शुक्रवारी नवा भाग आला की पुढच्या डायलिसिसला दोघं तो बघायची. शंभुलिंग म्हणून टेक्निशियन होता, सुया लावणारा. तोही येता-जाता पलंगांमध्ये रेंगाळायचा. त्यानं भाग घरी आधीच बघितलेला असायचा, आणि पुढचं सांगू नको म्हणून दोघं त्याला दटावायची. भाग संपला की चर्चा. भट्टी सुटल्यावर आण्णासाहेबांना पहिल्यांदाच बोलायला माणसं मिळाली होती. दवाखान्याचा दिवस असला की ते आता सकाळी स्वतःहून लवकर आवरायचे. कस्तुराबाई म्हणायच्या, "लग्नाला चालल्यावानी निघालाव की!"

याच दिवसांत अर्पिताच्या आईच्या तपासण्या चालल्या होत्या. आईची किडनी पोरीला बसवायची, असं ठरत आलं होतं. शिवगंगाबाई रिपोर्टाची पिशवी छातीशी धरून हिंडायच्या. शेवटी त्यांना साखर निघाली, आणि डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. वडिलांचं हृदय आधीच अधू होतं. आता यादीत नाव लावून वाट बघायची, एवढंच हातात उरलं. बाई बाहेर कस्तुराबाईंजवळ बसून रडल्या, आणि डोळे पुसून आत आल्या. पोरीला सगळं कळलेलं होतंच.

त्याच आठवड्यातला भाग होता. त्यात जहाजाला एक हाक ऐकू येते. आधी निघालेलं एक दुसरं जहाज बिघडून मध्येच अडकलंय, आणि त्यातला माणूस बोलतोय, कुणी ऐकतंय का, कुणी आहे का. कप्तान बाई हिशेब करून बघते. वळून तिकडं जायला इंधन पुरत नाही. ती थोडा वेळ तो आवाज ऐकते आणि बटन बंद करते. भाग संपतो.

"हे काय केलं तिनं?" आण्णासाहेब म्हणाले. "लई वाईट केलं."

"दुसरं काय करणार होती?" अर्पिता म्हणाली. "गेली असती तर दोन्ही जहाजं मेली असती."

"जाऊ नगं ना. पर बोलायचं तरी! तो बिचारा इचारतोय, कुणी हाय का. हाय म्हणायला काय जातंय?"

शंभुलिंग मशीनचे आकडे बघत होता. तो म्हणाला, "आण्णा, तो आवाज लई लांबनं आलेला, पोचायलाच लई दिवस लागलेले. तो माणूस आता जिता असंल कशावरनं?"

"मग तर इचारायलाच पायजे! जिता हाईस का, म्हणून."

"आणि तो जिवंत निघाला, तर?" अर्पिता उसळून म्हणाली. "मग त्याला काय सांगायचं? ऐकू येतंय, पण येत नाही? त्यापेक्षा कुणीच नाही असं त्याला वाटलेलं बरं. खोटी आशा लावायची कशाला?"

"खोटी कशी? येता येत न्हाय, असं खरं सांगायचं. आनं बोलत ऱ्हायचं."

"किती दिवस बोलणार?"

अर्पितानं मान दुसरीकडं वळवली. मग भिंतीकडं बघतच म्हणाली, "मला सगळे सांगतात आण्णा, होईल गं काहीतरी, होईल. मला ते ऐकू आलं की वाटतं, बटन बंद करावं."

शंभुलिंग पुढच्या पलंगाकडं गेला. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं त्या आण्णासाहेबांना त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

पुढच्या खेपेला पोरीनं स्वतःच विषय काढला, पुन्हा वाद घातला, पुन्हा हसली. कप्तान बाईनं उत्तर द्यायला पायजे होतं, हे आण्णासाहेबांनी सोडलं नाही, आणि नको होतं, हे तिनं सोडलं नाही. दोन-तीन आठवडे हेच चाललं होतं.

मग एका दुपारी, मशीन लागून बराच वेळ झाल्यावर, अर्पिता जांभया द्यायला लागली. आण्णासाहेबांना वाटलं, झोप आली असेल. तिनं मोबाईल थांबवला आणि म्हणाली, "आण्णा, कसंतरी होतंय." त्यांनी बघितलं तर ओठ पांढरेफटक पडलेले, कपाळावर घाम. डोळे वर गेले आणि मान उशीवरनं घसरली.

"शंभू! आरं शंभू! पोरीकडं बघ!"

शंभुलिंग हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होता. अर्पिताचा मोकळा हात पलंगावरनं खाली लोंबत होता, आण्णासाहेबांच्या पलंगापासून हातभर अंतरावर. ते उठले. त्यांना भान राहिलं नाही. सुयांचा हात ओढला गेला, नळी दुमडली, आणि त्यांचंच मशीन कर्कश ओरडायला लागलं. धावत आलेला शंभुलिंग दोन पलंगांच्या मध्ये क्षणभर थांबला, कुणाकडं आधी वळावं म्हणून.

"आण्णा, हलू नका! पाया पडतो तुमच्या! तुम्हाला बघू का तिला बघू?"

सिस्टर आली. तिनं आण्णासाहेबांना खांदे धरून आडवं केलं, नळी सरळ केली. शंभुलिंगनं अर्पिताच्या पलंगाची डोक्याची बाजू खाली घेतली, पाय वर केले, सलाईन सोडलं. डॉक्टरांना बोलावणं गेलं. आण्णासाहेब पडल्या जागेवरनं नुसते बघत होते. उलथन्यानं मण मण दूध ढवळलेला तो हात आता हलवायचाही नव्हता. हलवला तर त्या पोरीचंच नुकसान. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. काय बोलत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अर्पिता, हितंच हाय म्या. ऐकू येतंय न्हवं? अर्पिता, शुक्रवारचा भाग ऱ्हायलाय. डोळे उघड बाई."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. शिवगंगाबाईंना आत घेतलं होतं. त्या पोरीचे तळवे चोळत, आई गं म्हणावं तसं, कानडीत "यव्वा, यव्वा" एवढंच म्हणत होत्या. अर्पितानं मान वळवून शेजारी बघितलं. मग डोळे पुन्हा मिटले.

त्या दिवशी घरी जाताना एसटीत आण्णासाहेब कस्तुराबाईंना म्हणाले, "म्या उठलो, ते चुकलं. माझ्यापायी शंभूला थांबावं लागलं."

"तुमी मुद्दाम केलं का?"

"न्हाय. पर उठलो न्हवं."

नंतरच्या आठवड्यात अर्पिताला थंडी वाजून ताप आला. ताप उतरेना, म्हणून तिला सोलापूरला हलवलं. हे आण्णासाहेबांना शंभुलिंगकडून कळलं, त्यांचं मशीन सुरू झाल्यावर. शेजारच्या पलंगावर तुळजापूरकडचा एक माणूस आला होता. त्याला ऐकू कमी यायचं, आणि तो तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा.

दर खेपेला आण्णासाहेब शंभुलिंगला विचारायचे, काही कळलं का. त्याला काही कळलेलं नसायचं. तिकडं कोण ओळखीचं आहे, कुणाला विचारता येईल, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. धाराशिवचे पेढेवाले आठवले, सोलापूरला राहणारा एक भाचा आठवला. भाचा दवाखान्यात जाऊनही आला, पण त्याला वॉर्डात सोडलं नाही. स्वतः जावं म्हटलं तर एका दिवसाआड मशीन, आणि मधल्या दिवशी अंगात उभं राहायचं त्राण नाही.

दरम्यान 'दूरयान'चा शेवटचा भाग आला. बजरंगनं आपल्या मोबाईलवर तो लावून दिला. कस्तुराबाई शेजारी बसल्या, थोडा वेळ बघून उठून गेल्या. आण्णासाहेबांनी एकट्यानं पूर्ण बघितला. बघताना तीनदा ते उजवीकडं वळले, काहीतरी बोलायला.

शंभुलिंगनं खटपट करून शिवगंगाबाईंचा नंबर मिळवला. एका दुपारी आण्णासाहेबांनी बजरंगच्या मोबाईलवरनं फोन लावला. फोन बाईंनीच घेतला. ताप गेला होता. पोरगी वाचली होती. पण हृदयाला धक्का बसला होता, ती लई अशक्त झाली होती, आणि आता तिला मुरुमला घरीच नेणार होते. डायलिसिस उमरग्याला. कॉलेज सुटलं. बाईंनी हे सगळं एका दमात सांगितलं, आणि म्हणाल्या, "थांबा हं, देते तिच्याकडं."

"आण्णा," अर्पिता म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

"कशी हाईस?"

"आहे."

"पोरी, शेवटचा भाग बघितला का?"

"नाही. बघावंसं वाटत नाही, आण्णा." ती जरा थांबली. धाप लागली होती. "तुम्ही बघितला? मग सांगा की, काय झालं?"

ती आपलं मन राखायला विचारतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी सांगायला सुरुवात केली. कप्तान बाईचं जहाज एका धुळीच्या ढगात शिरतं, खिडकीतनं काही दिसत नाही, माणसं एकेक करून झोपेच्या पेटीत जातात, बाई एकटी जागी राहते. ते रंगवून सांगत होते. मध्ये मध्ये "हां, मग?" असं पलीकडनं यायचं. मग तेही यायचं बंद झालं.

"अर्पिता?"

फोन उचलल्याचा खसखस आवाज झाला. "मलग्याळ... झोपली ओ ती," शिवगंगाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "औषधानं अशीच झोपते, बोलता बोलता."

"झोपू द्या. झोपू द्या. ठेवतो म्या."

"ठेवू नका, आण्णा." बाई घाईनं म्हणाल्या. खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. "मला सांगा. उठली की मी तिला सांगते. ते जहाज कुठं चाललंय? मला काहीच ठाऊक नाही बघा त्यातलं."

आण्णासाहेब भट्टीबाहेरच्या बाजेवर बसले होते. आत खव्याचं मशीन फिरत होतं, आणि त्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी मोबाईल कानाशी दाबून धरला. पुढं काय सांगायचं ते त्यांना माहीत होतं. पण बाईंना आधीचं काहीच माहीत नव्हतं.

"हे बघा," ते म्हणाले, "पृथ्वीवर जगणं मुश्कील झालंय, असं समजा..."