अभिमन मिस्तरीचे उभे शॉकअप

धुळ्यात आग्रा रोडला माझं टायरचं दुकान आणि शेजारी अभिमन मिस्तरीचं गॅरेज. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला त्याच्याकडे जीपवाल्यांची रीघ असायची. सातपुड्याच्या वाटांवर गाडी उसळली, की माणसाचं डोकं छताला लागायचं. अभिमन चाकाजवळचा, हादरे झेलणारा शॉकअप काढायचा, चासीवरचं ब्रॅकेट कापून दुसरीकडे वेल्ड करायचा आणि शॉकअपचा कोन बदलून द्यायचा. उभा केला की कडक, तिरपा केला की मऊ, एवढंच त्याचं शास्त्र. बाकी बोलायला महाकंजूष.

त्याची बायको बेबाबाई त्याआधी चार वर्षं जिन्यावरून पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कमरेला हादरे बसले तर उठून बसणंही जाईल. तेव्हापासून माहेरी जाणं बंद. माहेर शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आई ताईबाई डोळ्यांनी अधू, तिला येता येत नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी येऊन झोका घ्यायचा, ही खानदेशची रीत. म्हातारी दर आखाजीला कडुनिंबाला झोका बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. तिकडचं कुणी हे सांगितलं, की बेबाबाई दोन दिवस जेवत नसत.

त्या वर्षी अभिमननं स्वतःची जुनी जीप हाती घेतली. महिनाभर कोन बदलून पाहिले. पुढच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, मागे चौदा माणसं कोंबायची आणि खड्ड्यांतून फिरवायचं. शॉकअप पार उभे केले, तेव्हा कुठे पाणी सांडेना.

आखाजीला मात्र बायकोला दाटी नको, म्हणून त्यानं कुणालाच घेतलं नाही. मागे स्टेपनी धरून मी एकटा. शिरपूरनंतर डांबर संपलं आणि रिकामी जीप शेळीसारखी उड्या मारू लागली. आमच्याकडे रिकामी जीप कुणी पाहिलीय? अभिमननंही पाहिली नव्हती. त्याचा कोन सगळा भरल्या गाडीचा. बेबाबाईंनी ओठ दाबून धरले होते. त्यानं गाडी थांबवली आणि परत फिरू म्हणाला.

"मांगे नका फिरू," त्या म्हणाल्या. "पुढे फाट्यावर बाया उभ्या शेतस. बठ्ठासले बठाडा."

फाट्यावर माहेरवाशिणी पिशव्या घेऊन एसटीची वाट पाहत होत्या. बारा जणी बसल्या आणि गाडी शहाणी झाली. पहिल्या गावाला चौघी उतरल्या, तसे हादरे परत सुरू झाले. दुसऱ्या गावाच्या वेशीवर सुनंदाबाई नावाच्या एकीचा भाऊ उभा होता. तिनं बेबाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मायले सांग, मी यीच राहिनू," ती म्हणाली. येतेच, एवढा निरोप दिला आणि उतरलीच नाही.

मग कुणीच उतरेना. माहेर दारात असताना आठ जणी पुढे निघाल्या. त्यांनीही वर्षभर याच दिवसाची वाट पाहिली होती. मला मागे रडू आलं, सांगायला लाज कसली?

ताईबाईंनी उतरणाऱ्या एकेकीचा चेहरा चाचपला. आठ परके, नववा लेकीचा.

"वाळी गयी वं तू," एवढंच म्हणाल्या. बेबाबाईंना झोक्यावर बसता येत नव्हतं. दोरी धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या आखाजीला ताईबाई हयात नव्हत्या. सकाळी सहाला दुकान उघडायला आलो, तर बेबाबाई जीपमध्ये बसलेल्या. फाट्यावर बाया उभ्या असतील, त्यांना माहेरी पोचवू, एवढं म्हणून अभिमननं गाडी काढली.