हलव्याचा काटा आणि लेकीची पट्टी

आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे पावसात सापडलेल्या मुंग्या. वही लेकीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवली.

आम्ही राजधानीतल्या द्वारकेत राहतो. संक्रांतीला मी हलव्याचे दागिने करते. इथली मराठी घरं नव्या सुनेसाठी, बाळाच्या बोरन्हाणासाठी नेतात. त्यातून साठवलेले पैसे मी लेकीला दिले होते. ती प्रयोगशाळेत संशोधन करते. काचेवर ऑक्साइडचा पातळ थर देऊन खूप तापवला, की त्याचे स्फटिक होतात आणि वीज चांगली वाहते. तिला तेच वाकणाऱ्या प्लास्टिकवर करायचं होतं. तसलं प्लास्टिक मागवायची फाइल ऑफिसात अडकली, म्हणून तिनं ते माझ्या पैशांनी आणलं.

डिसेंबरात ती जेवेनाशी झाली. जास्त तापवलं तर प्लास्टिक आक्रसतं, कमी तापवलं तर स्फटिक होत नाहीत, असं म्हणाली. तापवायचं मशीन रोज दोनच तास मिळायचं, म्हणून ती घाईनं आच वाढवत होती. प्लास्टिकच्या तीनच पट्ट्या उरल्या होत्या.

मी शेगडीपुढे बसले होते. परातीत तीळ, वर थेंबथेंब पाक, बोटांनी सारखं हलवायचं. तिला मी काय सांगणार? पण तोंडातून गेलं, "अगं, आच वाढवली की आलेला काटाही विरतो. मला तीन दिवस लागतात."

"आई, यार, तो हलवा आहे."

मग तीच परातीपाशी बसली. एक दाणा फोडून बघत म्हणाली, "आणि आत तीळच नसता तर?"

"तर साखर धरणार कशावर?"

लोहडी-संक्रांतीच्या सुट्टीत बाकीचे गावी गेले. तिनं मशीन दिवसभर मागून घेतलं. पट्टीवर आधी तिळासारखा एक अगदी बारीक थर दिला, त्यावर खरा थर, आणि मंद आच. दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरी साधली.

ती मला दाखवायला प्रयोगशाळेत घेऊन गेली. मी दाराशीच उभी राहिले. तिनं पट्टी माझ्या बांगडीवर गुंडाळली, दोन तारा लावल्या. इवलासा दिवा लागला आणि हात हलवला तरी विझला नाही. तिच्या सरांनी विचारलं, इतका धीर कुठे शिकलीस?

"घरी," ती म्हणाली.

मी खाली फरशीकडे बघत राहिले, पण बांगडीचा हात काही खाली घेतला नाही.

तिनं ऑफिसात दिलेलं प्लास्टिकचं बिल दोनदा परत आलं. होळीला अर्धे पैसे मिळाले. उरलेले आज तिनं माझ्या हातात ठेवले. सगळे फिटले.