छायानं विकत घेतलेलं वर्ष

छाया गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या दवाखान्यात एका पेशंटला सलाईन लावून बाजूला झाले होते. फोन तिच्या भावाचा होता. मेंदूत रक्तस्राव झाला, ड्युटीवरच कोसळली, गाडीत घालेपर्यंत संपलं होतं... एवढंच तो बोलला. मी बरं म्हणाले, थेंबांचा वेग नीट केला, बाटली संपत आली की हाक मारा असं पेशंटच्या बायकोला सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्याला आता काही आठवडे झाले. आत अजून काही हललेलं नाही. साखऱ्याला, तिच्या गावी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या फोटोपुढं सगळे जमले त्या दिवशीही मी नुसती लोकांना पाणी देत फिरत होते.

आम्ही दोघींनी नर्सिंगचा कोर्स बरोबर केला आणि वसमतच्या एका खाजगी दवाखान्यात बरोबरच लागलो. खोलीही एकच होती. पगार जेमतेम. माझा हिशेब सरळ होता, पगार पुरत नाही तर ड्युटी वाढवायची. दिवसाची झाली की मी संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे, आणि नांदेडला जास्त पगार मिळतोय म्हटल्यावर तिकडं निघून गेले. छायाचं उलटं. पगार हातात आला की ती आधी बँकेत जायची आणि उरलेल्यात महिना काढायची. बाजार उठता उठता भाजी घ्यायची, स्टँडवरून चालत यायची. मी हप्त्यावर स्कूटी घेतली, फोन घेतला, घरी पैसे पाठवले. कमाई वाढत गेली तशीच जातही राहिली. छायाला मी म्हणायचे, मुळात पगारच एवढासा, त्यातून तू साठवून साठवून किती साठवशील? ती चिडायची नाही. "व्हय," म्हणायची, "माझंबी तिथंच अडून राहिलंय."

सरकारी आरोग्यसेविकेची भरती निघाली तेव्हा तिनं नोकरी सांभाळून परीक्षा दिली. ड्युटीवरून आली की पुस्तक छातीवर ठेवून झोपी जायची. थोडक्यात राहिली. पुढच्या भरतीला वेळ होता, आणि छायानं नोकरी सोडली. ते कळल्यावर तिची माय साखऱ्याहून आली. मी त्या रविवारी नांदेडहून वसमतला तिच्याकडेच आले होते. लेकीनं साठवलेले पैसे घराच्या स्लॅबसाठीच आहेत, असं मायनं मनात धरलं होतं. पत्र्याच्या घरात उन्हाळा काढणाऱ्या बाईनं दुसरं काय धरावं?

"पैशे हायेत तर स्लॅब टाकू," माय म्हणाली. "चालू पगार सोडून घरी बसायचं काहून?"

छाया भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "स्लॅब टाकला तर घर पक्कं होईल, माय. माझा पगार हाय तेवढाच राहील. ह्या पैशातून मी अभ्यासाला एक वर्ष इकत घेऊन राहिले."

"आन नापास झालीस तर?"

"तर पैशेबी गेले आन वर्षबी."

माय उठली. जेवलीही नाही, दुपारच्या बसनं परत गेली. चुलत्यांना द्यायला म्हणून आणलेली तूरडाळ मात्र छायाकडेच ठेवून गेली.

ते वर्ष छायानं अभ्यासिकेत काढलं. वरण-भात, कधी नुसता भात. शेवटी शेवटी पैसे संपत आले असणार, कारण तिचे फोन कमी झाले. मी विचारलं तर लागलं की मागीन म्हणाली, पण मागितलं नाही. पुढच्या भरतीत ती लागली. कळमनुरीजवळच्या उपकेंद्रावर नेमणूक झाली, आणि काही काळानं साखऱ्याच्या घरावर स्लॅब पडला. पुण्यानुमोदनाला माणसं बसली ती त्याच स्लॅबखाली.

नोकरी लागल्यावर एकदा तिनं मला फोनवर सांगितलं होतं, "मंगल, साठवलं म्हणून वर्ष मिळालं, वर्ष मिळालं म्हणून पगार वाढला. आता वाढला म्हणून सगळा उडवायचा न्हाई, आन सगळा दाबूनबी ठेवायचा न्हाई. थोडा आपल्या जिवाला लावायचा." मी हो हो केलं. त्यानंतर पगार झाला की मीही आधी थोडे बाजूला काढू लागले.

कळमनुरीची तिची खोली रिकामी करायला माय, भाऊ आणि मी गेलो. सामान थोडंच होतं. भिंतीला लागून एक नवी कोरी गादी होती, जाड, दुकानातल्या प्लास्टिकसकट. छाया आयुष्यभर सतरंजीवर झोपलेली. घरमालकीण म्हणाली, मागच्याच महिन्यात टेम्पोतून आणली, धूळ बसेल म्हणून प्लास्टिक काढलं नाही, तशीच झोपायची. माय टेकली, तर प्लास्टिक वाजलं. ती लगेच उठली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच घिऊन जा बाई ही. मला घरात न्हाई पाहवणार."

गादी आता नांदेडला माझ्या खोलीत आहे. ड्युटीवरून आले की दुपारी तिच्यावर पडते. कूस बदलली की प्लास्टिक वाजतं. काढून टाकायचं म्हणते रोज... कात्रीही उशाशी आणून ठेवली आहे.