तीन दंड, सहा संधी

धुळ्याच्या बांधकाम कचेरीत मी लागले ती मराठी टंकलेखिका म्हणून. साठीचं दशक सरत आलं होतं. कारभार मराठीतून चालवा असा हुकूम वरून सुटला होता. त्यापायी आमच्या कचेरीत आधी एक नवाकोरा मराठी टाइपरायटर येऊन पडला आणि त्याच्यामागून मी.

मी जळगावची. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि धुळ्यात आत्याकडे राहत होते. कचेरीत इंग्रजी टाइप करणारे दोघे जुने कारकून होते, पण मराठी यंत्र फक्त मलाच चालवता यायचं. त्यावरून सगळ्यांनी धरून टाकलं की अख्खी मराठी भाषाच माझ्या ताब्यात आहे. कुणीही टेबलापाशी यायचं आणि विचारायचं, "बाई, लेव्हलला मराठीत काय म्हणायचं?" मी जेमतेम वीस वर्षांची. माहीत नाही म्हणायची लाज वाटायची, मग काहीतरी ठोकून द्यायची.

एके दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या उपअभियंत्यांनी, एक कागद पुढे ठेवला. सोनगीरच्या बाजूला एका खेड्यात मुलींची शाळा होती. जागा भाड्याची आणि उताराची. प्रार्थनेला मुली उभ्या राहिल्या की निम्म्या वर, निम्म्या खाली. जागा आपली नसल्यामुळे पक्कं बांधकाम करता येत नव्हतं. म्हणून साहेबांनी लाकडी मंच योजला होता. मागची बाजू उंचवट्यावर टेकलेली, पुढची खांबांवर, आणि उद्या शाळा हलली तर सुटा करून नेता येईल असा. भोवती लाकडी कुंपण, कारण गावातल्या म्हशी थेट वर्गात शिरायच्या.

"अंदाजपत्रक इंग्रजीत आहे," साहेब म्हणाले. "कामाचा आदेश मराठीत काढा. सुताराला कळला पाहिजे."

कागदावर पोस्ट, रेल, जॉइंट, जॉइस्ट असे शब्द. कचेरीच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. तो मांडीवर घेऊन मी दुपारभर बसले. पोस्टला स्तंभ. रेलला दंड. जॉइंटला संधी. एकेक शब्द सापडला की मला कोण आनंद व्हायचा! चार कार्बन लावून मी टाइप केलं : 'प्रत्येक दोन स्तंभांमध्ये तीन आडवे दंड असावेत. प्रत्येक दंडास दोन संधी द्याव्यात. संधी ढिली राहिल्यास काम नामंजूर होईल.'

साहेबांनी वरवर नजर फिरवली. "भारदस्त झालंय," म्हणाले आणि सही ठोकली.

चार-पाच दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. स्वच्छ धोतर, डोक्याला पांढरी टोपी, हातात माझ्याच आदेशाची शेवटची, पुसट प्रत. शाळेचं काम ज्यांना दिलं होतं तेच हे सुतार. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. शिपायाने त्यांना माझ्याकडे धाडलं.

"ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मन्हं काय चुकनं?"

"का हो आबा? काय झालं?"

त्यांनी कागद माझ्यासमोर पसरला. "लाकूडले आजून करवत बी लागनी नही, नि तीन तीन दंड कसाले?"

मला काही उमगेना. ते पुढे सांगू लागले. त्यांना अक्षर फारसं लागत नव्हतं, म्हणून शाळेतल्या बाईंकडून त्यांनी कागद वाचून घेतला होता. बाईही चक्रावल्या होत्या. "बाईनी सांगं, घाबरू नका आबा, दर दंडले दोन संधी शेतस. कचेरीमा जा, हात जोडा, माफ करतीन."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

माझे कान तापले. सुतारकामात चाळीस वर्षं घालवलेला माणूस, आणि मी शब्दकोशात बघून त्याला गुन्हेगार करून टाकलं होतं. मी उठून उभी राहिले आणि त्यांना माझी खुर्ची दिली. तेवढ्यात साहेब बाहेर आले. "काय प्रकार आहे?" म्हणत त्यांनी कागद उचलला आणि या वेळी नीट वाचला. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी चष्मा काढून ते डोळे पुसू लागले.

"आबा, तुम्हाला कुणी दंड केलेला नाही," ते म्हणाले. "दंड म्हणजे कुंपणाची आडवी लाकडं. आमच्या बाईंनी फारच शुद्ध लिहिलंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेही हसायला लागले. इतके हसले की शिपायाने पाणी आणून दिलं. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्या आबांच्या कारखान्यात जा. तिथले शब्द घेऊन या आणि आदेश पुन्हा टाइप करा. तोवर यंत्राला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याने दशम्या बांधून दिल्या आणि मी सकाळच्या एसटीने सोनगीर गाठलं. आबांचा कारखाना म्हणजे लिंबाखालची मोकळी जागा. मी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून बाजेवर बसले. आबांनी वहीकडे पाहिलंही नाही. एक जाड लाकूड उचलून माझ्या हातात दिलं. "धरा."

वही बाजेवरच राहिली. वरच्या टोकाला दुबेळकं, म्हणजे दोन फाटे, असलेला खांब म्हणजे मेढ, हे मला कळलं ते ती खड्ड्यात उभी धरून माझे हात भरून आले तेव्हा. आडव्या लाकडाच्या टोकाला तासून काढलेलं जिभेसारखं कुसू मेढीच्या भोकात बसवायचं, आणि ते हलू नये म्हणून वरून पाचर ठोकायची. पाचर मी ठोकली. पहिले तीन घाव हवेत आणि चौथा अंगठ्यावर. आबांच्या घरच्या अक्का हसत हसत हळद घेऊन धावल्या.

"आता हाई काय शे?" आबांनी पाचर बसली तिथे बोट ठेवून विचारलं.

"सांधा," मी म्हणाले. हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. घरी गुडघ्याच्या दुखण्यापासून बादलीच्या जोडापर्यंत सगळीकडे तोच चालायचा. शब्दकोश उघडला आणि मी तो विसरून गेले होते!

मंचाला ते माचा म्हणत, पाखरं राखायला शेतात घालतात तोच. कुंपणाच्या फाटकाला झापा. संध्याकाळी मी धुळ्याला परतले तेव्हा साडीला भुसा, अंगठ्याला चिंधी, आणि वहीत एसटीत बसून आठवून आठवून लिहिलेले बारा शब्द.

नवा आदेश आबांना कळला, पण वरच्या कचेरीला रुचला नाही. 'झापा, माचा हे शब्द ग्राम्य आहेत, खुलासा करावा,' अशी तांबड्या शाईची टीप आली. मी धास्तावले. साहेबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सुतारास समजतात.' पुन्हा विचारणा झाली नाही.

दीड महिन्यात माचा उभा राहिला. पहिल्या दिवशी साहेब मलाही जीपमधून घेऊन गेले. नारळ फुटला, गूळखोबरं वाटून झालं, आणि कुणी सांगायच्या आत मुलींनी माच्यावर फुगड्या धरल्या. तीस-चाळीस मुली, फळ्यांवर धाडधाड पाय. साहेबांचा चेहरा उतरला. ते आबांना शोधू लागले, तर आबा कुठेच नाहीत.

आबा माच्याखाली होते. उताणे झोपून, डोळे मिटून, डोक्यावरच्या लाकडांना कान देत. दोन फुगड्या होईपर्यंत ते तसेच पडून होते. मग केसात धूळ, टोपी हातात अशा अवतारात सरपटत बाहेर आले.

"एक बी फळी बोलनी नही," त्यांनी साहेबांना सांगितलं.

साहेबांनी श्वास सोडला. वर मुलींनी शाळेतल्या बाईंना ओढलं होतं, आता दोघीजणी मला बोलवायला आल्या. मी साहेबांकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या शाळेतल्या बाईंचेच हात धरले. सगळ्यात जास्त आवाज आमच्याच फुगडीचा झाला.