लक्ष्मी चार्जिंगला आहे

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या सुदेश घाडीगावकरला मी सत्तावीस वर्षं ओळखते. तो आळशी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात, त्याने एकतीस वर्षं यंत्रांची देखभाल केली. पंप, मीटर, व्हॉल्व, काहीही बिघडलं की सुदेशला बोलावणं जायचं. फक्त घरातलं काम त्याला हाताने करवत नसे. मिक्सर दुरुस्त करण्यात तो रविवारची अख्खी दुपार घालवील, पण त्याच मिक्सरचं भांडं विसळून ठेवणार नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला. त्याची बायको शीला कल्याणला शाळेत शिकवते, तिची अजून तीन वर्षं आहेत. ती सकाळी सव्वासातला घर सोडते आणि तीनला परत येते. सुदेश नऊला मंडळाच्या हॉलमध्ये कॅरम खेळायला जायचा, तो एकला जेवायला यायचा. सुधीर म्हणून त्याचा कारखान्यातला जुना सोबती आहे, त्या दोघांची जोडी. निवृत्तीनंतर आयुष्यात काय मिळवलं असं कोणी विचारलं असतं तर सुदेशने नऊ ते एक हे चार तास दाखवले असते.

शीला चार महिने काही बोलली नाही. गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघं माझ्याकडे आली. माझ्याकडे येण्याचं कारण माझी डायरी. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरनी लावलेली सवय आहे: आधी वार आणि वेळ, मग घडलं ते, आणि विशेषणं अगदी लागलीच तर. एकदा सोसायटीत पाण्याचा टँकर नक्की कोणत्या तारखेला आला यावरून भांडण झालं होतं, ते माझ्या वहीने मिटवलं. तेव्हापासून मजल्यावर तिला मान आहे.

शीलाचं म्हणणं सरळ होतं. मी दिवसभर शाळेत उभी असते, तुम्ही घरी असता, तेव्हा केर, लादी आणि भांडी आता तुमची. सुदेश म्हणाला, जरूर, पण कशी करायची ते मी ठरवणार. त्याने यंत्रं आणायचं ठरवलंच होतं. मग माझ्यासमोर करार झाला. लक्ष्मीपूजनापर्यंत शीलाला एकदाही केरसुणी हातात धरावी लागली नाही, तर यंत्रं कायमची राहतील आणि ती पुन्हा तोंड उघडणार नाही. धरावी लागली, तर यंत्रं माळ्यावर आणि सगळं काम सुदेशच्या हाताने, कॅरम बंद पडला तरी. नोंद मी ठेवायची. आमची दारं समोरासमोर आहेत आणि वारा यावा म्हणून दोन्ही दिवसभर उघडी असतात, त्यामुळे मला मुद्दाम कुठे बघायला जावं लागणार नव्हतं.

आठ सप्टेंबरला, सोमवारी, केर काढून लादीही पुसणारा रोबो आला. जेवणाच्या ताटाएवढा, पांढरा, पायातून फिरणारा. मोबाईलवर त्याचं नाव विचारलं गेलं तेव्हा सुदेशने ‘लक्ष्मी’ लिहिलं. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, मग तिच्या जागी आलेलीला दुसरं काय म्हणायचं? त्या उत्साहात त्याने घरातल्या दोन्ही केरसुण्या आणि लादीचा मॉप रखमाबाईला देऊन टाकला. रखमाबाई माझ्याकडे कामाला येते, दिवा स्टेशनजवळून. तिने ते सामान बगलेत मारलं आणि जाताना विचारलं, “साहेब, ही लक्ष्मी कोपरे काढते का?” सुदेशने तिला कोपऱ्यांचा ब्रश फिरवून दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात ऐकू येणारी वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. “लक्ष्मी सोफ्याखाली अडकली.” “लक्ष्मीच्या तोंडात पायपुसणं गेलंय, ओढ.” दुसऱ्या मजल्यावरच्या रचनाच्या आजी एकदा वाटी मागायला वर आल्या, आणि “लक्ष्मी चार्जिंगला आहे, आत्ता आत येऊ नका,” हे ऐकून पायरीवरूनच नमस्कार करून परतल्या.

एक अडचण सुरुवातीलाच आली. त्यांच्या हॉलच्या कडेने काळ्या लादीची पट्टी आहे. रोबोला पायरीवरून पडू नये म्हणून खाली बघायचे डोळे दिलेले असतात, आणि काळी पट्टी दिसली की त्याला तिथे खड्डा वाटे. तो कडेला येऊन थबकायचा आणि हिंदीत मदत मागायचा. यंत्राच्या माणसाने यावर यंत्राचाच उपाय केला. सुदेशने त्या डोळ्यांवर चिकटपट्टी लावली. लक्ष्मी पट्टीवरून बिनधास्त फिरू लागली. त्याने मला बोलावून दाखवलं, आणि मी वहीत लिहिलं: डोळ्यांना पट्टी, दुपारी बारा दहा.

आठवड्याने भांडी घासायचं यंत्र आलं. ते साहेबी जेवणासाठी केलेलं असावं. ताटल्यांना त्यात झकास जागा होती, कढईला, कुकरला आणि फुलपात्रांना नव्हती. वाट्या उताण्या व्हायच्या आणि पाणी भरून बसायच्या. शिवाय यंत्र घाण होऊ नये, म्हणून सुदेश प्रत्येक भांडं आधी स्वतः घासायचा. चहाच्या पातेल्याचं बूड तर तो दोनदा घासायचा.

रखमाबाई हे माझ्या ओट्याशी उभी राहून पाहत होती. एक दिवस ती मला म्हणाली, “आजी, ते मशीन घर झाडतं, आन साहेब मशीन झाडतात.” मला हसू आलं, पण ते नोंदीत बसत नव्हतं, म्हणून मी समासात लिहिलं.

मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोळ्यांचं यंत्र आलं. एका बाजूने पीठ, दुसऱ्या बाजूने पाणी आणि तेल, आणि दीड मिनिटाला एक पोळी. पोळी गोल असे, एवढं मात्र खरं. शीला पहिली खाऊन पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पोळीभाजी केंद्रातून आठ पोळ्या घेऊन आली. पोळ्यांचा करारात उल्लेख नव्हता, त्यामुळे मी काही म्हटलं नाही.

शीलाचं मला नवल वाटायचं. ती खरोखरच गप्प होती. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून वह्या तपासायची, आणि आत सुदेश उलटा पडून लक्ष्मीच्या चाकांतले तिचे लांब केस कात्रीने कापत असायचा. मध्येच तो विचारायचा, “शीला, लादी कशी वाटते?” ती वहीतून वर न बघता म्हणायची, “छान.”

कोजागिरीला मंडळाचे कॅरमचे सामने असतात. सुदेश आणि सुधीर गेल्या खेपेला अंतिम फेरीत होते. या वेळी पहिल्याच फेरीत बाद झाले. राणी घेतली आणि ती पक्की करायची पुढची सोंगटी चुकली, असं सुदेशने मला जिन्यात सांगितलं. सराव नाही, म्हणाला. का नाही, हे मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं.

एकवीस ऑक्टोबरला, मंगळवारी, लक्ष्मीपूजन होतं. कराराचा शेवटचा दिवस. सकाळी शीला हॉलमध्ये झेंडूची फुलं पसरून तोरणं ओवत बसली होती, म्हणून सुदेशने सकाळचा केर मोबाईलवरून संध्याकाळी सातवर ढकलला. ढकलला आणि विसरला.

संध्याकाळी पावणेसातला त्यांनी मला आरतीला बोलावलं. चौरंगावर कलश, लक्ष्मीची तसबीर, लाह्या-बत्तासे, सगळं नीट मांडलेलं. लक्ष्मी आत यावी म्हणून दार सताड उघडं. शीलाने विचारलं, “केरसुणी कुठाय?”

पूजेत नवी केरसुणी लागतेच, आणि घरात तर जुनीही नव्हती. सुदेशने चौरंगाशेजारच्या पाटाकडे हात केला. पाटावर रोबो होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, झेंडूचा हार घातलेला होता, आणि पाटाभोवती नैवेद्याच्या लाह्या होत्या. शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. आरती सुरू झाली.

बरोबर सात वाजता पाटावरून बाईचा आवाज आला, “सफाई शुरू.”

लक्ष्मी पाटावरून खाली उतरली. डोळ्यांना पट्टी नसती तर ती पाटाच्या कडेला थांबली असती. तिने लाह्या घेतल्या, एक बत्तासा फरफटत नेला, आणि उघड्या दारातून, उंबऱ्याच्या संगमरवरी पट्टीवर चढून, बाहेर गेली. माझ्या दारात मी सकाळी काढलेली ठिपक्यांची रांगोळी होती, ती तिने मधोमध पुसली. सुदेश हातात आरतीचं तबक घेऊन मागे धावला. तबकात निरांजन पेटलेलं होतं, म्हणून त्याला धड धावताही येईना. “अगं थांब, थांब,” असं तो यंत्राला म्हणत होता. ती जिन्याशी पोहोचली आणि पायरी पायरी करत खाली गेली. प्रत्येक पायरीवर एक आवाज, असे अकरा मी मोजले.

मग खालून रचनाची हाक आली, “काका, तुमची लक्ष्मी आमच्याकडे आलीये.”

आम्ही खाली गेलो. रोबो रचनाच्या दारात होता, हार अजून गळ्यात, आणि आजी त्याला ओवाळत होत्या. लक्ष्मीपूजनाला आपल्या पायाने दारात आलेली लक्ष्मी परत द्यायला त्या तयार नव्हत्या. सुदेशने ते मशीन आहे असं सांगितलं. आजी म्हणाल्या, मला दिसतंय मशीन आहे ते, पण आलंय कोणाकडे? निदान सकाळपर्यंत तरी राहू दे, असं ठरलं.

वर आलो तर हॉलभर लाह्या आणि हळदकुंकू, आणि माझ्या दारात फिसकटलेली रांगोळी. दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, त्या दिवशी तर मुळीच नाही, आणि काढायला घरात केरसुणीही नव्हती. सुदेश तबक धरून उभा होता. त्याने मला हळूच विचारलं, “काकू, आज शीलाने केरसुणी धरलेली नाही. बरोबर ना?”

मी घरी जाऊन वही आणली. चव्वेचाळीस दिवस. शीलाने केरसुणी धरली: शून्य वेळा. सुदेश जिंकला होता. त्याने तबक खाली ठेवलं आणि पहिल्यांदा हसला.

शीला म्हणाली, “काकू, आता ह्यांचंही वाचा.”

मी वाचलं. “नऊ ऑक्टोबर, गुरुवार. सुदेशने सकाळी आठला खुर्च्या टेबलावर चढवल्या, वायरी उचलल्या, पायपुसणी झटकली. आठ चाळीसला लक्ष्मी सुरू. नऊ वाजता सोफ्याखालून काढली. साडेनऊ ते सव्वादहा भांडी घासून यंत्रात लावली. सव्वाबाराला ती बाहेर काढून पुसली, कढई पुन्हा घासली. बारा चाळीसला चाकं साफ.” दहा ऑक्टोबर तसंच होतं. अकरा तारखेला पोळ्यांच्या यंत्राचे नऊ भाग धुतले होते. शेवटी बेरीज होती, तीही वाचली. कॅरमला गेला, ऑगस्टमध्ये सव्वीस दिवस. कराराच्या चव्वेचाळीस दिवसांत पाच.

सुदेशने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पाहिली. बेरजेवर बोट फिरवलं. बेरीज बरोबर होती.

“तुम्ही जिंकलात,” शीला म्हणाली. “यंत्रं कायमची राहू देत. ठरल्याप्रमाणे मी एक शब्द बोलणार नाही.” तिने एक लाही उचलून तोंडात टाकली.

सुदेशने रिकामा पाट उचलून भिंतीशी लावला. मग मला म्हणाला, “काकू, तुमच्याकडे एखादी जुनी केरसुणी असेल का?”

मी त्याला विचारलं की करार मोडतो आहेस का. तो म्हणाला, करारात शीलाने धरू नये एवढंच आहे, मी धरू नये असं कुठे लिहिलंय? मी पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

माझी त्या पुढच्या दिवसाची नोंद अशी आहे. बावीस ऑक्टोबर, बुधवार, पाडवा. सकाळी सात पाचला सुदेशने माझ्या जुन्या केरसुणीने घर झाडलं, सतरा मिनिटं. माझ्या दारातली फिसकटलेली रांगोळीही झाडून टाकली, न सांगता. भांडी बावीस मिनिटं, कढईसकट. आठला शीलाने ओवाळलं. आठ चाळीसला खालच्या रचनाने लक्ष्मी आणून दिली, सुदेशने ती चार्जिंगला लावली आणि वर टॉवेल टाकला. आठ पन्नासला चपला घालताना मला म्हणाला, “सुधीर वाट बघतोय.” केरसुणी परत केली नाही.