पाणमांजराच्या शेपटीत दोन किलो शिसं

"तीनशे वीस ग्रॅम," मी ताणकाटा डोळ्यांसमोर धरून म्हणालो. "कर्णिकसाहेब, ही पाणमांजराची शेपटी नव्हे. हा फडका आहे."

ज्या काट्यावर आमच्या घरी सुरमई तोलतात, त्याच काट्याला तपकिरी केसाळ शेपटी लटकत होती. शेपटीचे मालक समोर खुर्चीत बसले होते. वय अडतीस. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, कारण दहाच मिनिटांपूर्वी त्यांची ऑफिसची मीटिंग संपली होती. मांडीवर पाणमांजराचं डोकं.

माझी बायको वैदेही स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी चाय घेवा. मगे काय तोलूचा ता तोला."

मी देवबागचा. धंद्याने स्कूबा इन्स्ट्रक्टर. म्हणजे पर्यटकाच्या पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं, त्याला समुद्राखाली मासे दाखवायचे आणि जसा नेला तसा वर आणायचा. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक खाली विसरून आलो नाही. लॉकडाउन लागलं तशी बोट वाळूवर ओढली, सिलिंडर खोलीत उभी केली आणि मी घरी बसलो. रोज वीस माणसांना 'श्वास रोखू नका' म्हणून ओरडणारा माणूस घरात कोणावर ओरडणार? फोडणीच्या वेळी सुरक्षित अंतर किती ठेवावं हे मी वैदेहीला समजावायला गेलो, तेव्हा तिने लाटणं उचललं. तिथून मी स्वयंपाकघरात जायचं सोडलं.

घरामागे आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आहेत. मध्ये थोडी ढील मिळाली तेव्हा ठाण्याहून कर्णिक आले. विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं त्यांचं काम. ठाण्याला दोन खोल्यांत सहा माणसं, त्यातली चार दिवसभर फोनवर. म्हणाले, "मला फक्त दाराला कडी असलेली एक खोली द्या." आठवडाभराचं बुकिंग होतं. मग पुन्हा लॉकडाउन लागलं आणि साहेब अडकले. स्वभावाने अगदी गरीब. जेवण आवडलं हेसुद्धा माझ्याकडे न बघता सांगायचे. बरोबर मात्र फ्रिज मावेल एवढा खोका होता.

एका दुपारी वैदेही त्यांना चहा द्यायला गेली आणि कपबशी तशीच घेऊन परत आली.

"अवो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "कर्णिकांच्या खोलयेत एक मोठा पाणमांजर आसा. ता नाचता."

मी गेलो. पाणमांजर खरंच नाचत होतं. मला बघून थांबलं, दोन्ही पंजांनी डोकं उपटलं आणि आतून लालबुंद कर्णिक निघाले. माफ करा, खोली रिकामी करतो, लगेच निघतो, असं एका दमात म्हणाले. जिल्हा बंद होता. जाणार कुठे होते कोण जाणे.

चहा पोटात गेल्यावर हळूहळू बोलले. 'फरी' म्हणून लोक असतात. माणसासारखे वागणारे, बोलणारे प्राणी त्यांना मनापासून आवडतात. कोणी त्यांची चित्रं काढतं, कोणी गोष्टी लिहितं. प्रत्येक जण आपलं एक प्राणीरूप ठरवतो, त्याला फर्सोना म्हणतात. अख्खा पोशाख, म्हणजे फरसूट, फार थोड्यांकडे असतो. यांनी स्वतः दोन वर्षं खपून शिवला होता, घरचे झोपल्यावर. पाणमांजराचं नाव बुडबुड्या.

"म्हणजे आपण प्राणी आहोत असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही हो. मी टेस्टिंग लीड आहे असंच वाटतं. तोच तर प्रॉब्लेम आहे."

नेटवर या लोकांबद्दल भलतंसलतं लिहिलेलं असतं, तेही मी आडपडदा न ठेवता विचारलं. ते म्हणाले, "नेटवर कोकणी माणसाबद्दलही बरंच लिहिलेलं असतं. सगळं खरं का?"

मी दुसरा चहा सांगितला.

खरी अडचण पुढे होती. दरवर्षी हे लोक एकत्र जमतात. यंदा सगळं ऑनलाइन. येत्या रविवारी दुपारी चार वाजता कर्णिकांना सहा मिनिटं नाचायला मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा बुडबुड्या कोणाच्या समोर येणार होता. त्याआधी त्याला फक्त आरशाने पाहिलं होतं. आणि फरसूटमध्ये एकट्याने नाचणं धोक्याचं. फोमचं डोकं, जाड फर, डोळ्यांच्या जागी जाळी. दिसत नाही, ऐकू येत नाही, आत भट्टी. म्हणून सोबतीला एक माणूस लागतो, त्याला 'हँडलर' म्हणतात. पाणी देणं, हात धरणं, वेळेवर थांबवणं ही त्याची कामं. कर्णिकांचा हँडलर मित्र पुण्यात होता आणि त्याला ई-पास मिळत नव्हता. पासाच्या अर्जात कारण काय लिहिणार? हँडलरशिवाय आयोजक नाचू देणार नव्हते.

"तुम्ही व्हाल का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी नाही म्हणालो. गावात कोणाला कळलं तर सीझन सुरू झाल्यावर बोटीवर लोक माझं ऐकतील का, हा माझा प्रश्न होता.

वैदेही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दशावतारात मिशयो काढून पुरुष राणी होतंत, ता बघूक तुमी पयल्या रांगेत बसतास. तेंका कधी विचारलास, कित्याक म्हणान? तेणी चेडवाचा लुगडा नेसला तर कला, आणि ह्येणी शेपटी लावली तर लाज?"

मी हँडलर झालो. आणि एकदा झालो म्हटल्यावर माझ्या अंगात इन्स्ट्रक्टर संचारला. इतक्या महिन्यांनी हाताशी विद्यार्थी लागला होता! पहिल्यांदा छापील मेडिकल फॉर्म काढला. दमा आहे का? नाही. चक्कर येते? कधीकधी, मॅनेजरचा फोन आला की. पोहता येतं?

"नाही."

मी मांडीवरच्या पाणमांजराकडे पाहिलं. पाणमांजराने जाळीतून माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मवर फुली मारली.

मग खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही आणि फरसूटमध्ये बोलायचं नसतं, म्हणजे काम सारखंच. आम्ही अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून 'ठीक आहेस का?' ही खूण करतो. समोरच्याने तीच खूण परत करायची. उत्तर नाही आलं तर दुसऱ्यांदा विचारायचं. तरीही नाही आलं तर माणूस वर काढायचा, चर्चा नाही. पंजाला चारच बोटं होती, पण अंगठ्याचं वर्तुळ जमलं. हे सगळं कर्णिकांनी सॉफ्टवेअरच्या शिस्तीने वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये चाचणी. साडेतीन मिनिटांत बुडबुड्या भिंतीला टेकला. आतला शर्ट पिळला तर अर्धी बादली भरली असती. पंखा कामाचा नव्हता, फर वारा आत घेईना. कर्णिक रडवेले झाले. "राहू दे. मी त्यांना कळवतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिलिंडरमध्ये हवा दाबून भरलेली असते. ती सुटताना गार होते. शिवाय कोरडी. माझ्याकडे घरात चौदा भरलेली सिलिंडर रिकामटेकडी उभी होती!

तोंडात धरायच्या नळीला बागेचा पाइप जोडला. पाइप झोपाळ्याच्या हुकावरून खाली सोडला आणि बुडबुड्याच्या मानेतून डोक्यात नेला. कपाटाच्या दाराआड सिलिंडर आणि सिलिंडरपाशी वैदेही. नळीवरचं हवा सोडायचं बटण दहा सेकंद दाबायचं, वीस सेकंद सोडायचं. पहिली फुंकर गेली तसा आतून आवाज आला, "अहाहा! महाबळेश्वर!" शनिवारी सलग सात मिनिटं नाचले. आम्ही तिघं लहान पोरांसारखे उड्या मारत होतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेपटी माझ्या डोळ्यांत सलत होती. कर्ली खाडीत मी खरी पाणमांजरं बघत आलोय. त्यांची शेपटी बुंध्याशी मनगटाएवढी जाड, दमदार. ही काट्यावर तोलली तर तीनशे वीस ग्रॅम, नुसती फडफडायची. स्कूबात प्रत्येकाचा तोल आम्ही कमरेच्या शिशाच्या वजनांनी साधतो. तेव्हा मी किलोकिलोची दोन वजनं शेपटीत शिवली आणि शेपटी वजनांच्या पट्ट्याला बांधली. त्या पट्ट्याचं बक्कल एका हाताने सुटतं.

"जड नाही होणार?" कर्णिकांनी विचारलं.

"अठरा वर्षांचा अनुभव आहे माझा," मी म्हणालो.

पाण्यातला. तो शब्द मी बोललो नाही, कारण तो मला सुचलाच नाही. पाण्यात माणूस गिरकी घेतो तेव्हा पाणी सगळ्याला धरून ठेवतं. हॉलमध्ये काय असतं धरायला?

रविवारी चार वाजता लॅपटॉपवर कोल्हे, लांडगे, एक जांभळा बैल आणि बंगळुरूची एक आयोजक मुलगी, हरणाच्या कानांत. बाकीचे चौकोनातून नुसतेच हात हलवत होते. मी कॅमेऱ्याबाहेर भिंतीशी उभा, हातात घड्याळ. ताशाचा नुसता ठेका लावला होता. बुडबुड्याने कंबर हलवली आणि मला कर्णिक दिसेनासे झाले. काय नाचत होतं ते पाणमांजर! मान वाकडी करून बघायचं, लाजायचं, पोटावर थाप मारायचं. ज्या माणसाने दोन महिन्यांत माझ्या नजरेला नजर दिली नव्हती, तो शेकडो मैलांवरच्या लांडग्याला डोळा मारत होता. शेपटीही झकास, अगदी खाडीतल्यासारखी.

तिसऱ्या मिनिटाला त्यांनी गिरकी घेतली. तालमीत नव्हती. आनंदात घेतली.

शेपटी वर उचलली, आडवी झाली आणि दोन किलो शिसं माझ्या गुडघ्यावर आलं. मी कोसळलो तो थेट कॅमेऱ्यासमोर. पाठोपाठ कॅमेऱ्यासाठी लावलेला स्टँडवरचा गोल दिवा माझ्या डोक्यावर.

ठेका वाजत राहिला. बुडबुड्या जागच्या जागी थिजला. त्याचे पंजे डोक्याकडे गेले. कॅमेऱ्यासमोर डोकं काढलं की चेहरा सगळ्यांना दिसणार, नाच तिथेच संपणार, आणि हा माणूस पुन्हा कधी खोका उघडणार नाही, हे मला लख्ख कळलं. चूक माझी, बुडणार तो.

पंजे हवेत थांबले. मग एक पंजा खाली आला आणि अंगठ्याचं वर्तुळ झालं. ठीक आहेस का?

मी कळवळत होतो, खूण करायचं राहिलं. त्याने शिकवल्याप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. मी झटकन वर्तुळ केलं, सरपटत गेलो, एका हाताने बक्कल सोडलं आणि शेपटी घेऊन कॅमेऱ्याबाहेर आलो. बुडबुड्याने मागे हात लावून पाहिला, शेपटी नाही हे कळल्यावर दोन्ही पंजे गालांवर ठेवले, आणि उरलेली तीन मिनिटं असा नाचला की जांभळा बैल खुर्चीवरून पडला.

या सगळ्यात सिलिंडरचं बटण दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, एकदाही चुकलं नाही. नंतर मी वैदेहीला म्हणालो, "मी पडलो तरी तू जागची हललीस नाय?"

"तुमी पडलात म्हणान काय झाला? हवा तेका होई होती."

लॅपटॉपवर टाळ्या नव्हत्या. चॅटमध्ये एकच प्रश्न ओळीने येत होता, हँडलर कसा आहे? हँडलरला पाणी द्या. कोणी बर्फ लावा म्हणत होतं, कोणी डॉक्टर होतं ते गुडघा वाकवून दाखवा म्हणालं. मी सगळ्या जनावरांना गुडघा वाकवून दाखवला. मग टाळ्या. आयोजक मुलीने विचारलं, "काका, तुमचा फर्सोना काय?" मी विचार करतोय तोवर कपाटाआडून उत्तर आलं, "रेडो!"

आमच्या धंद्यात अपघात झाला की रिपोर्ट लिहावा लागतो. मी लिहिला. कारण: इन्स्ट्रक्टरने पाण्यातली अक्कल जमिनीवर वापरली. उपाय: शेपटीला हात लावण्याआधी शेपटीच्या मालकाचं ऐकणे.

वैदेहीची मात्र एक तक्रार राहिली. कपाटाआडून तिला अर्धाच नाच दिसला होता, आता अंगणात पुरा दाखवा म्हणाली. कर्णिक घुटमळले. ऑनलाइन सगळे आपल्यातलेच होते, हे अंगण होतं. "उद्या बघू," म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे काही नाचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणमांजर अंगणात उभं. दगडी गडग्यापलीकडे चारपाच शेजारी मास्क लावून जमले होते. वैदेहीने आदल्या रात्रीच सगळीकडे सांगितलं होतं. बुडबुड्या नाचला. कोणी हसेना, कोणी बोलेना. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून परतलेला शेजारचा बाबल टोपली घेऊन सगळ्यांत पुढे उभा होता. नाच संपल्यावर त्याने मला विचारलं, "ह्या मासे खाता?"

मी काही बोलण्याआधी पाणमांजराने जोरात होकाराची मान डोलावली. बाबलने गडग्यावर एक ताजा बांगडा ठेवला आणि मागे सरला. बुडबुड्याने तो दोन्ही पंजांनी उचलून कपाळाला लावला. तेव्हा कुठे हशा फुटला.

आणि त्या हशात कर्णिकांनी आपणहून डोकं काढलं. घामाने निथळत, केस विस्कटलेले, बाबलकडे सरळ बघत उभे राहिले. माझा हात नकळत पुढे झाला, त्यांच्या चेहऱ्यापुढे पडदा धरायला असावा तसा.

बाबलने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, टोपलीत हात घातला आणि दुसरा बांगडा काढला.

"ह्यो तुका," तो म्हणाला. "पयलो तेचो."

दोन्ही बांगडे वैदेहीने दुपारी तळले. फरसूट मात्र तीनदा धुतला तरी वास जाईना. फरच्या पंजात ओली मासळी देऊ नये, एवढं मी हँडलर लोकांना अनुभवाने सांगू शकतो.