लसूण सोलताना ऐकलेल्या कथा

शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट कंपनीच्या बसमध्ये झाली. मी ओझरच्या कारखान्यात नव्याने लागले होते. ताई तिथेच स्टोअर विभागात होत्या. नाशिकहून बस सुटली की बायकांच्या मांडीवर डबे उघडत, संध्याकाळच्या भाजीचा लसूण सोलला जाई आणि ताई आपली नवी कथा वाचून दाखवत. संपादकांचा नंबर आमच्यानंतर. सोलणारे हात थांबले तर कथा जमली, असा त्यांचा हिशेब. हात चालूच राहिले, तर ती पुन्हा लिहायची.

नोकरी, नवरा, मुलं आणि सासर यांत ओढली जाणारी बाई हा ताईंच्या कथांचा विषय. पण त्यांनी तिला देवी केलं नाही आणि बिचारीही केलं नाही. त्यांच्या कथांतले नवरे दुष्ट नसतात. त्यांना फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. हे वाचून माझे यजमान आठवडाभर शिट्ट्या मोजत होते.

एकदा ताईंनी मूल झाल्यावर नोकरी सोडून सुखी झालेल्या बाईची कथा वाचली. हात चालूच राहिले. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या, घोटीकडच्या हिराबाई म्हणाल्या, "ताई, हे काय पटत नाय. नोकरी सोड म्हनून समदे सांगत्यात, पन तिला काय पायजे ते कुनी इचारलं का?"

मला एकदम रडू फुटलं. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं आणि त्या महिनाअखेरीस मी नोकरी सोडणार होते. ताईंनी कागद मिटले. "तुम्हाला काय हवंय?"

"नोकरी," मी म्हणाले. तोवर हे मी घरातही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "सोमवारपासून लेकीला आमच्याकडे ठेवा. सासूबाई सांभाळतील. त्यांची एकच अट आहे. माझ्या कथांतल्या सासवा फार खाष्ट असतात म्हणे. एक तरी बरी लिहायची."

माझी मुलगी त्या आजींच्या मांडीवर वाढली आणि मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. ताईंची नवी कथा छापून आली की आजी ती माझ्याकडून वाचून घेत आणि हसून म्हणत, "ह्यातही मी नाही आले." पुढे आजी गेल्या, अट तशीच राहिली. ताईंचं म्हणणं, चांगल्या माणसावर लिहायला बसलं की कागदावर नुसता गोडवा उतरतो. असं लिहिलेलं त्या फाडून टाकत. स्वतःच्या लेखनाशी इतकी कठोर बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या महिन्यात, ताईंच्या पंचाहत्तरीची तयारी चालू असताना, त्यांचा फोन आला, "लसूण घेऊन या." मी गेले. ताईंनी नव्या कथेची पहिली पानं वाचली. त्यात एक सासू शेजारणीच्या तान्हीला मांडीवर घेऊन सुनेवर करवादत होती, "तू जा गं, बस चुकेल!" माझे हात थांबले. आजी आल्या होत्या.

कथा अजून पुरी व्हायची आहे. ताई, घाई करू नका. धडधाकट राहा, शंभरी गाठा आणि शेवट वाचायचा असेल त्या दिवशी फोन करा. मी आणि माझी लेक, दोघी लसूण घेऊन येतो.